‘वर्गोन्नत’ लिहिलं, पुढे काय? १ मेच्या निकालातून पालकांना काय कळतं आणि काय राहून जातं

१ मे रोजी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की राज्यातल्या बहुतेक प्राथमिक शाळांमध्ये निकाल वाटला जातो. मुलं गणवेशात आलेली असतात, काहींच्या हातात बाईंसाठी फूल असतं. नाव पुकारलं की प्रगतिपुस्तक हातात येतं, पालक सही करतात आणि अकरा वाजेपर्यंत शाळेचं फाटक बंद होतं. २ मेपासून सुट्टी लागते. त्यानंतर जवळजवळ दीड महिना शाळा आणि घर यांच्यात फारसं बोलणं होत नाही.

वर्षभरात मूल काय शिकलं, हे पालकांना सांगण्याची शाळेची शेवटची संधी म्हणजे ही सकाळ. बहुतेक घरांमध्ये त्यातून एकच गोष्ट समजते: मूल वरच्या वर्गात गेलं.

बरीच वर्षं एवढ्यावर भागत होतं, कारण आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवलंच जात नव्हतं. आता महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला तसं राहिलेलं नाही. या दोन इयत्तांमध्ये वार्षिक परीक्षेत मूल नापास होऊ शकतं, त्याला पुन्हा परीक्षा द्यावी लागते आणि त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात शाळेनं घरी काय कळवलं, कधी कळवलं आणि ते घरच्यांना समजलं का, यावर एका मुलाचं अख्खं वर्ष अवलंबून असू शकतं.

प्रगतिपुस्तकावरची ती अक्षरं

पहिली ते आठवीच्या प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी श्रेणी दिसते: अ-१, अ-२, ब-१, ब-२ अशी. ही पद्धत २०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यानंतर राज्यात आली. तिचं पूर्ण नाव ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’. नाव भारदस्त असलं तरी कल्पना साधी आहे. वर्षाच्या शेवटी एकदाच तीन तासांची परीक्षा घेऊन मुलाला तोलण्याऐवजी वर्षभर त्याच्याकडे पाहत राहायचं.

अ-१ म्हणजे ९१ ते १०० टक्के, अ-२ म्हणजे ८१ ते ९०. ब-१ आणि ब-२ म्हणजे अनुक्रमे सत्तरीतले आणि साठीतले गुण. क-१ पन्नाशीतली, क-२ चाळिशीतली. ड म्हणजे ३३ ते ४० टक्के. त्याखाली इ-१ आणि इ-२. ज्या मुलाला ‘ड’ किंवा ‘इ’ मिळते, त्याला शाळेनं जादा मदत करून वर आणणं अपेक्षित असतं.

पालकांना सहसा न सांगितली जाणारी गोष्ट यापुढची आहे. ही श्रेणी दोन भाग मिळून बनते. एक भाग ‘आकारिक’, म्हणजे वर्गातलं तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. दुसरा ‘संकलित’, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. पहिली-दुसरीत आकारिकचा वाटा ७० टक्के असतो, तिसरी-चौथीत ६० टक्के, पाचवी-सहावीत निम्मा आणि सातवी-आठवीत ४० टक्के. इयत्ता वाढते तसा परीक्षेचा वाटा वाढत जातो.

म्हणजे दुसरीत ‘ब-१’ मिळवणारं मूल आणि सातवीत ‘ब-१’ मिळवणारं मूल यांच्या श्रेणीमागचा हिशेब वेगळा आहे. दुसरीतल्या मुलाची श्रेणी मुख्यतः प्रकल्पाच्या वहीनं आणि वर्गातल्या सहभागानं सावरलेली असू शकते. प्रकल्पाची वही अनेकदा आई किंवा मोठी ताई पूर्ण करते, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. म्हणून खालच्या वर्गांतली चांगली श्रेणी पाहून ‘वाचन पक्कं आहे’ असं गृहीत धरता येत नाही. कदाचित असेलही. श्रेणी ते सांगत नाही, एवढंच.

प्रगतिपुस्तकातला सगळ्यात दुर्लक्षित आकडा हजेरीचा असतो. शाळा किती दिवस भरली आणि मूल किती दिवस आलं, हे तिथे छापलेलं असतं. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी, असं कायदा सांगतो. २०० पैकी १४० दिवस हजर असलेल्या मुलानं ६० दिवस गमावलेले असतात. गणितातल्या ‘क-२’चं कारण कित्येकदा या ओळीतच सापडतं.

‘गटकार्यात आनंदाने सहभागी होतो’

श्रेणीच्या पुढे शिक्षकांच्या हस्ताक्षरात काही वाक्यं असतात. त्यांना वर्णनात्मक नोंदी म्हणतात. मूळ कल्पना फार चांगली होती. ‘७२ टक्के’ या आकड्यातून जे कळत नाही, ते शिक्षकानं शब्दांत सांगावं. मूल कुठे अडखळतं, काय मनापासून करतं, त्याला काय जमू लागलंय.

प्रत्यक्षात काय झालं, हे कुठल्याही वर्गातली दहा प्रगतिपुस्तकं शेजारी ठेवली की दिसतं. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘परिसर स्वच्छ ठेवतो.’ ‘गटकार्यात आनंदाने सहभागी होतो.’ वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या विषयवार, इयत्तावार शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात. एकेका वर्गात तीस-चाळीस मुलं, प्रत्येकाचे सात-आठ विषय, दोन सत्रं. ही बेरीज केली की शिक्षक याद्यांकडे का वळतात ते समजतं. त्यातच २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षांसाठी राज्यभर एकच वेळापत्रक आलं. परीक्षा २५ एप्रिलपर्यंत आणि निकाल नेहमीप्रमाणे १ मेला. पाच-सहा दिवसांत पेपर तपासायचे, गुण चढवायचे, श्रेणी काढायची आणि प्रत्येक मुलाबद्दल मनापासून चार वाक्यं लिहायची. हे जमणार कसं, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता.

तोटा मात्र घराचा होतो. ‘परिसर स्वच्छ ठेवतो’ हे वाचून आईला बरं वाटतं, पण सुट्टीत मुलाकडून काय करून घ्यायचं, ते तिला कळत नाही. याच जागेत ‘जोडाक्षरं वाचताना अडखळते, हातच्याची वजाबाकी अजून येत नाही, गोष्टी ऐकायला फार आवडतात’ एवढं लिहिलं असतं, तर त्या घराला सुट्टीभराचं काम मिळालं असतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ‘समग्र प्रगतीपत्रक’ सुचवलेलं आहे. त्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतःबद्दल लिहितं, वर्गमित्र लिहितात, पालकही आपलं निरीक्षण नोंदवतात. महाराष्ट्रातल्या शाळांमध्येही ते टप्प्याटप्प्यानं येत आहे. रकाने वाढले म्हणून माहिती वाढेल, अशी आशा आहे. पण वर्णनात्मक नोंदींचं जे झालं ते पाहता, रकान्यांबरोबर ते भरायला वेळही मिळाला तरच ही आशा खरी ठरेल.

पाचवीच्या घरांसाठी गणित बदललंय

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवता येत नव्हतं. २०१९ मध्ये संसदेनं हे कलम बदललं. पाचवी आणि आठवीत परीक्षा घ्यायची का आणि मुलांना मागे ठेवायचं का, हे ठरवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून ते अमलात आणले. केंद्र सरकारनंही डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या अखत्यारीतल्या केंद्रीय विद्यालयांसारख्या शाळांसाठी हाच मार्ग धरला.

राज्यातली पद्धत थोडक्यात अशी आहे. पाचवीला भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांत प्रत्येकी किमान ३५ टक्के गुण लागतात. थोडक्यात हुकलं तर सवलतीचे गुण देण्याची तरतूद आहे. तरीही जमलं नाही, तर शाळेनं त्या विषयांत पूरक मार्गदर्शन करायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची. त्यातही मूल उत्तीर्ण झालं नाही तर ते पाचवीतच राहतं. शाळेतून मात्र काढता येत नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत ते त्या मुलाला कायद्यानं दिलेलं संरक्षण आहे.

आता कॅलेंडर समोर ठेवून पाहू. निकाल १ मेला. दोन महिने म्हणजे जूनअखेर. पण शाळा उघडते जूनच्या मध्यावर. २०२५ मध्ये ती १६ जूनला उघडली आणि विदर्भात उन्हामुळे २३ जूनला. म्हणजे पुनर्परीक्षेच्या तयारीसाठी मिळणाऱ्या दोन महिन्यांतले सहा-सात आठवडे सुट्टीचेच असतात. शाळा उघडल्यावर पालकांना कळलं, तर हातात जेमतेम दोन आठवडे उरतात, विदर्भात एकच.

म्हणूनच १ मेच्या सकाळी पाचवीच्या पालकांना दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत कळायला हव्यात: कोणत्या विषयात राहिला आणि पुन्हा परीक्षा कधी. हे प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या पानावर एका शेऱ्यात लिहून भागत नाही. त्या दिवशी पालक आलेच नसतील आणि शेजारच्या मुलाबरोबर प्रगतिपुस्तक घरी गेलं असेल, तर फोन करावा लागतो. अनेक शिक्षक तो करतातही, स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या वेळात.

यात चौथीच्या मुलांची एक वेगळी अडचण लपलेली आहे. महाराष्ट्रात जुनी रचना पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी होती. कायद्यानं पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे टप्पे केले, तरी गावोगावच्या अनेक जिल्हा परिषद शाळा आजही चौथीलाच संपतात. पाचवीसाठी मूल शेजारच्या मोठ्या गावात किंवा हायस्कुलात जातं. नवी शाळा, नवे शिक्षक, मुलाला ओळखणारं कुणी नाही आणि त्याच वर्षाअखेर आयुष्यातली पहिली पास-नापासची परीक्षा. चार वर्षं त्या मुलाला शिकवणाऱ्या बाईंना त्याच्याबद्दल जे माहीत असतं, ते नव्या शाळेपर्यंत नेणारा एकच दुवा असतो, तो म्हणजे पालक. म्हणून चौथीच्या निकालाच्या दिवशीचं बोलणं पाचवीच्या निकालाइतकंच महत्त्वाचं आहे.

सांगणं हे उपकार नाहीत

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं यांच्याच रांगेत एक कर्तव्य असं आहे: पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती याबद्दल त्यांना माहिती देणं. त्याच कलमात मुलाची पातळी पाहून गरज असेल तर जादा शिकवणं, हेही कर्तव्य म्हणून नोंदवलेलं आहे.

म्हणजे ‘माझ्या मुलीला वाचता येतं का?’ असं विचारणारी आई शिक्षकांच्या कामात ढवळाढवळ करत नसते. कायद्यानं जे तिला सांगायला हवं, तेच ती विचारत असते. बऱ्याच पालकांना, विशेषतः स्वतः फार न शिकलेल्यांना, शाळेत जाऊन प्रश्न विचारायचा संकोच वाटतो. ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं’ हे वाक्य शाळेच्या दारात किती वेळा ऐकू येतं.

याशिवाय प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. वर्षअखेरीच्या सूचना कशा आणि कोणत्या भाषेत द्यायच्या, निकालाच्या दिवशी प्रत्येक पालकाला पाच मिनिटं मिळतील अशी वेळ कशी आखायची, हे ठरवायला याहून योग्य जागा नाही. प्रत्यक्षात समितीच्या बैठका खिचडी, खोल्यांची दुरुस्ती आणि अनुदान यांतच संपतात. तेही विषय गरजेचेच आहेत, पण मुलांच्या शिकण्याची पाळी येईपर्यंत चहा आलेला असतो.

मेसेज गेला म्हणजे निरोप पोहोचला?

पूर्वी शाळेचा निरोप मुलाच्या वहीतून जायचा किंवा शिपाईमामा सांगून यायचे. आता वर्गाचा व्हॉट्सॲप गट असतो. ‘सूचना गटावर टाकली आहे’ म्हटलं की शाळेच्या बाजूनं काम संपतं.

घरातला स्मार्टफोन बहुतेक वेळा वडिलांकडे असतो आणि दिवसभर ते कामावर असतात. रात्री नऊला गट उघडला तर शुभ सकाळची चित्रं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, दोन-तीन ‘ओके सर’ आणि या सगळ्यांत एक पीडीएफ. ती उघडली तर ‘उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ इथून सुरुवात. चौथ्या परिच्छेदात कुठेतरी तारीख. ज्या आईला मुलाची तयारी करून घ्यायची असते, तिच्यापर्यंत हे सहसा जातच नाही.

याबाबत बोत्सवानात झालेला एक प्रयोग फार बोलका आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद असताना तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर संशोधकांनी तो केला. काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणं एसएमएसनं पाठवली. काहींना एसएमएसबरोबर शिक्षकानं पंधरा-वीस मिनिटांचा फोनही केला. नुसत्या एसएमएसचा मुलांच्या शिकण्यावर दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही. फोन झाला तिथे मात्र मुलांचं गणित स्पष्टपणे सुधारलं. फोनसाठी स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही. पलीकडे माणूस लागतो.

दुसरा अभ्यास आफ्रिकेतल्याच मलावीचा, रेबेका डिझॉन-रॉस यांचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. आपलं मूल अभ्यासात कुठे आहे याबद्दल पालकांचे अंदाज बरेच चुकलेले होते आणि गरीब, कमी शिकलेल्या पालकांचे जास्त. मुलाचे खरे गुण समजावून सांगितल्यावर याच पालकांनी त्याच्या पातळीला साजेशी स्वाध्याय-पुस्तिका निवडली. सांगेपर्यंत ते प्रामाणिकपणे चुकीचं पुस्तक निवडत होते.

यावरून माहिती दिली की सगळं सुटतं, असं वाटेल. तसंही नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह संशोधकांनी तीन गोष्टी करून पाहिल्या. काही गावांत ग्राम शिक्षण समितीबद्दल लोकांना माहिती दिली. काही गावांत त्याबरोबर गावकऱ्यांनाच मुलांचं वाचन तपासायला शिकवून गावाचं प्रगतिपत्रक बनवलं. काही गावांत याच्याही पुढे जाऊन तरुण स्वयंसेवकांना वाचनवर्ग घ्यायला शिकवलं. मुलांचं वाचन फक्त तिसऱ्या प्रकारात सुधारलं. नुसतं ‘तुमच्या मुलांना वाचता येत नाही’ हे कळल्यानं गावात फार काही हललं नाही.

म्हणजे घरी जाणाऱ्या निरोपात ‘काय येत नाही’ याच्या शेजारीच ‘आता काय करायचं’ हेही असावं लागतं. नमुन्यादाखल एक निरोप असा असू शकतो:

‘नमस्कार ताई. तुमच्या मुलीला छोटी वाक्यं वाचता येतात, मोठी गोष्ट वाचताना थांबते. सुट्टीत रोज दहा मिनिटं तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. पुस्तक शाळेतून दिलं आहे. दुकानात गेल्यावर सुटे पैसे तिला मोजू द्या. शाळा १६ जूनला सुरू. येताना आधार कार्डाची प्रत आणा. काही अडलं तर संध्याकाळी फोन करा.’

यात कुठलाही संदर्भ क्रमांक नाही आणि हाच निरोप आवाजी संदेश म्हणून पाठवला तर वाचता न येणाऱ्या आजीलाही कळतो.

महाराष्ट्रात याचं एक चांगलं उदाहरण आधीच चालू आहे. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावानं शाळापूर्व तयारी मेळावे भरतात, एकदा एप्रिलमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये. मैदानात वेगवेगळे टेबल मांडलेले असतात. एका ठिकाणी मूल उड्या मारतं, एका ठिकाणी चित्राबद्दल बोलतं, एका ठिकाणी वस्तू मोजतं. आई शेजारीच उभी असते. आपल्या मुलाला काय जमतं आणि काय नाही, हे तिला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. शेवटच्या टेबलावर घरी काय करायचं ते समजावतात आणि वस्तीतल्या मातांचे गट सुट्टीत ते पुढे चालवतात. जूनच्या मेळाव्यात पुन्हा पाहतात, काय फरक पडला. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी जे होतं, ते चौथी-पाचवीच्या निकालाच्या दिवशी का होऊ नये, याला जागेचं किंवा पैशाचं मोठं कारण नाही.

शाळा बदलणार असेल तर

मे महिना बदलीचा, स्थलांतराचा आणि भाड्याचं घर बदलण्याचाही असतो. या काळात सर्वाधिक गोंधळ होतो तो दाखल्यावरून.

मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणार असेल, तर आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला या कारणावरून प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये हे स्पष्ट आहे. मागितल्यावर लगेच दाखला देणं हे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ सांगतं.

तरीही दाखला २ मेच्या आधी हातात घेतलेला बरा, कारण सुट्टीत कार्यालयात कुणी भेटेलच असं नाही. आणि दाखल्यावरचं नाव, आडनाव, जन्मतारीख तिथेच उभं राहून वाचून घ्यावी. आधार कार्डावर एक स्पेलिंग आणि शाळेच्या नोंदीत दुसरं, असं असेल तर आता सगळी नोंद ऑनलाइन असल्यामुळे नव्या शाळेत नाव चढताना अडकतं. चौथीत दुरुस्त करायला जे सोपं असतं, ते दहावीच्या फॉर्मच्या वेळी डोकेदुखी बनतं.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचं चित्र वेगळं आहे. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. मूल बरोबर गेलं असेल तर त्याचे शाळेचे चार-पाच महिने बुडालेले असतात आणि ते परततं तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. ते दाखवून मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. पण हे कागदपत्र असतं, हे गाडी निघण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरमध्ये कळावं लागतं. पाचवीतलं असं मूल एप्रिलमध्ये परतून मेमध्ये नापास झालं, तर त्याच्यासाठी पुनर्परीक्षेची तारीख ही घरातली सगळ्यात महत्त्वाची तारीख असते.

घरच्या घरी कळेल असं

शाळेनं सांगितलं नाही किंवा पालकांना विचारता आलं नाही, तरी मुलाचं वाचन कुठवर आलंय हे घरी पाच मिनिटांत पाहता येतं. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून देशभरात होणारं ‘असर’ सर्वेक्षण हेच करतं. मुलासमोर आधी पहिलीच्या पातळीचा चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद ठेवायचा. जमलं तर दुसरीच्या पातळीची आठ-दहा वाक्यांची गोष्ट. परिच्छेद जमला नाही तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. जिथे मूल सहज वाचतं, ती त्याची पातळी. गणितासाठी दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागाकार.

२०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात सरकारी शाळांतल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. उरलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना ती वाचता आली नाही. यातल्या कित्येकांच्या हातात दर वर्षी वरच्या वर्गात गेल्याची नोंद असलेली प्रगतिपुस्तकं असतील.

ज्या आईवडिलांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनाही हे करता येतं. मूल सलग वाचतंय की एकेका अक्षरावर थांबतंय, हे कानाला कळतं. घरात मोठी बहीण, चुलतभाऊ, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर आणखी सोपं. पुस्तक कोणतं, हा प्रश्न फार मोठा नाही. मागच्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक घरात असतंच. रद्दीत जाण्याआधी ते बाजूला ठेवलं की झालं. चौथी संपवलेल्या मुलाला दुसरीचं पुस्तक दिलं तर त्याला कमीपणा वाटू शकतो. अशा वेळी धाकट्या भावंडाला वाचून दाखवायला सांगितलं की तेच पुस्तक तो ऐटीत वाचतो.

निकालाच्या दिवशी शाळेत गर्दी असते, शिक्षक घाईत असतात. तरी तीन प्रश्नांना तीन मिनिटंच लागतात. मुलाला त्याच्या इयत्तेचं पुस्तक न अडखळता वाचता येतं का? गणितात नेमकं काय राहिलंय? सुट्टीत आम्ही काय करून घेऊ? पाचवी आणि आठवीच्या पालकांनी चौथा प्रश्न जोडावा: सगळ्या विषयांत उत्तीर्ण आहे ना, आणि नसेल तर पुनर्परीक्षा कोणत्या तारखेला? उत्तर तोंडी मिळालं तर ती तारीख प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानावर शिक्षकांकडूनच लिहून घ्यावी आणि शाळेच्या गटावर पाहता येईल म्हणून सोडू नये. सुट्टीत गावाला जाणार असाल तर तिथे लागणारा फोन नंबरही त्याच वेळी शाळेत देऊन ठेवावा, कारण एप्रिलमध्ये नोंदवलेला नंबर जूनमध्ये लागत नाही ही शिक्षकांची दर वर्षीची तक्रार असते.